तळ्यावर गळ टाकायला कधी जावे?

(निफाड येथे बागायतदारांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी सस्यविज्ञान शिकविणारा माणूस. पेरणी कधी करावी, पाणी कधी द्यावे, हे सांगणे माझे नेहमीचे काम. आजचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. मागील बैठकीनंतर चहा घेताना एका द्राक्ष बागायतदाराने मला विचारले, "सर, मुंबईचे पाहुणे येणार आहेत, पोरंही मागे लागली आहेत. गळ घेऊन एखाद्या तळ्यावर जावे म्हणतो. कोणत्या महिन्यात गेलो तर मासा लागेल?" प्रश्न सोपा वाटला. मी "पावसाळ्यात जा" असे सांगून मोकळा झालो. घरी पोहोचेपर्यंत लक्षात आले, की आपण चुकीचे उत्तर दिले. पावसाळ्यात मासा सहज सापडतो हे खरे. पण तो त्या दिवसांत धरू नये, हे त्याहून अधिक खरे. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून आजचे हे भाषण समजावे.

गळाने मासे धरणे हा शहरी लोकांचा नवा शौक आहे असे काहींना वाटते. तसे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाणे आणि गळाने मासे धरण्याची करमणूक यांवर एक स्वतंत्र भाग आहे. म्हणजे दख्खनच्या पाण्यावर ही विद्या निदान नऊशे वर्षे जुनी आहे.

मासा ऋतू कसा ओळखतो?

माणसाचे किंवा बैलाचे शरीर बाहेर थंडी असली तरी आतून ऊब धरून ठेवते. माशाचे तसे नाही. जे तापमान पाण्याचे, जवळपास तेच त्याच्या शरीराचे. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक मरते आणि तो खोल पाण्यात स्वस्थ पडून राहतो. पाणी उबदार झाले की तो चरू लागतो. कटला, रोहू, मृगळ हे आपल्या ओळखीचे मासे साधारण २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम खातात आणि वाढतात. २० अंशांच्या खाली त्यांचे खाणे कमी होते. १५ अंशांच्या आसपास ते जवळजवळ थांबते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. २० अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणजे पाणी जितके तापेल, तितकी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची तो धरून ठेवण्याची ताकद मात्र घटते.

तिसरी गोष्ट विणीची. पोटात अंडी घेऊन प्रवाहाकडे निघालेला मासा हे पुढल्या वर्षांचे बियाणे असते.

तापमान, प्राणवायू आणि वीण या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या, की कोणत्या महिन्यात तळ्यावर जावे आणि कोणत्या महिन्यात जाऊ नये, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

निफाडची थंडी

थंडीचे आपल्याला काही सांगायला नको. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरील तापमानाचा आकडा हिवाळ्यात दर दोन-चार दिवसांनी वर्तमानपत्रांत येतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या दिवसांत मासा काय करीत असेल याचा विचार करावा.

हवा जितकी गार होते तितके पाणी गार होत नाही, हे खरे आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. तरीही लागोपाठ आठ-दहा रात्री कडाक्याच्या गेल्या, की उथळ तळ्याचे पाणी पुष्कळ उतरते. मार्गशीर्ष-पौषात पहाटे उठून, कानटोपी घालून तळ्यावर बसणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. ते स्वतः कुडकुडतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. या दिवसांत जायचेच असेल तर दुपारी १२ ते ४ या वेळेत जावे. ऊन पडलेल्या आणि वारा न लागणाऱ्या काठावर बसावे. गळ खोल सोडावा आणि आमिष लहान ठेवावे. मासा लागला तर लाभ समजावा, नाही लागला तर नवल मानू नये.

वैशाख-ज्येष्ठातील फसवे दिवस

मे महिन्यात तळ्यांची पाणीपातळी उतरते. सगळे मासे थोड्या पाण्यात गोळा होतात आणि सहज हाती लागतात. त्यामुळे अनेकांना हाच उत्तम हंगाम वाटतो. पण त्यात दोन धोके आहेत.

पहिला धोका असा, की उन्हाळ्यात तळ्यातील पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापतो आणि तळाशी प्राणवायू राहत नाही. पहाटेच्या वेळी तर संपूर्ण तळ्यात प्राणवायू कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तो वापरत असते. सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते आमिषासाठी आलेले नसतात. ते गुदमरलेले असतात. अशा वेळी गळ बाजूला ठेवावा आणि ताजे पाणी किंवा कारंज्यासारखे उडविलेले पाणी तळ्यात सोडावे.

दुसरा धोका म्हणजे मे अखेरीस अनेक माद्यांची पोटे अंड्यांनी भरत आलेली असतात. रोहूच्या एक किलो वजनाच्या मादीमागे अंडी लाखांच्या हिशोबात असतात. ती पाऊस पडण्याआधी पंधरा दिवस धरली, तर कालवणाबरोबर आपण सगळे बियाणेही शिजवतो.

पावसाळा : मासा सापडतो, पण धरू नये

मृगाचा पाऊस पडला, ओढे-नाले वाहू लागले, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. 'चढणीचे मासे' हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. शेताच्या सांडीत, फरशीपुलाखाली, बांधाच्या कपारीत लोक टोपल्या, साड्या, फेकजाळी लावून ते धरतात. हा मासा चरायला निघालेला नसतो. तो अंडी घालायला निघालेला असतो.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात या माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यात वीण घडवून आणली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आज आपण शेततळ्यात जी बोटुकली सोडतो ती या शोधामुळे मिळते. पण नदी-ओढ्यातील माशांना इंजेक्शन कोणी देत नाही. त्यांची सगळी भिस्त आषाढ-श्रावणातील त्या थोड्या दिवसांवर असते.

मरळ माशाचे उदाहरण आणखी बोलके आहे. मरळ साचलेल्या पाण्यातही वीते आणि नर-मादी दोघे पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर फिरत असतो आणि खाली आई-बाप असतात. घोळक्याजवळ बेडकी लावलेला गळ टाकला, की राखण करणारी मरळ त्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे, पिलांच्या काळजीने. लहानपणी श्रावणात आम्ही भावंडांनी एका डोहातून अशी जोडी दोन दिवसांत काढली होती. घरी मोठे कौतुक झाले. तिसऱ्या दिवशी पिलांचा घोळका कुठे दिसला नाही. बगळ्यांनी आणि इतर माशांनी तो संपवला असणार. पुढची काही वर्षे त्या डोहात आम्हाला मरळ मिळाली नाही. तेव्हा आम्ही दोष डोहाला दिला. दोष आमचा होता.

समुद्रात राज्य शासन दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते. आपल्या ओढ्यांवर आणि गावतळ्यांवर पहारा ठेवायला कोणी येणार नाही. तो नेम आपला आपणच पाळायचा आहे.

पावसाळ्यात न जाण्याचे आणखी एक कारण आहे, ते जिवाचे. दारणा, गंगापूर या धरणांतून पाणी सोडले की गोदावरीची पातळी पाहता पाहता वाढते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरीत शिरलेले पाणी आपण विसरलेलो नाही. गढूळ पाण्यात गळ दिसत नाही, मासा आमिष शोधू शकत नाही आणि काठ कधी खचेल याचा भरवसा नसतो.

पहिला उत्तम काळ : हस्तानंतर दिवाळीपर्यंत

हस्ताचा पाऊस ओसरला, की पाणी निवळू लागते. तळी भरलेली असतात. पाण्याचे तापमान माशाला मानवणारे असते. वीण उरकलेली असते आणि थंडीपूर्वी अंगात चरबी साठविण्यासाठी मासा भरपूर खातो. चित्रा आणि स्वाती ही दोन नक्षत्रे, म्हणजे साधारण १० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर, हा आपल्या तालुक्यातील गळाचा सर्वांत चांगला हंगाम होय. सकाळी ७ ते १० आणि सायंकाळी ४ पासून अंधार पडेपर्यंत मासा चांगला लागतो.

अडचण अशी, की नेमक्या याच दिवसांत द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी आणि फवारणीत गुंतलेला असतो. ज्यांच्याकडे ऊस, कांदा किंवा सोयाबीन आहे त्यांना दसरा-दिवाळीच्या दरम्यान एखादा दिवस काढता येईल. द्राक्षवाल्यांसाठी दुसरा काळ अधिक सोयीचा आहे.

दुसरा काळ : होळीपासून चैत्राच्या मध्यापर्यंत

होळीनंतर पाणी पुन्हा उबदार होते. हिवाळाभर अर्धपोटी राहिलेला मासा चरायला बाहेर पडतो. पाणी अजून फारसे आटलेले नसते आणि बहुतेक माशांच्या अंड्यांची वाढ नुकतीच सुरू झालेली असते. आपण द्राक्षाचा माल उतरल्यावर खरड छाटणीपूर्वी वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो. वेलीच्या विश्रांतीचा तोच पंधरवडा बागायतदाराने तळ्यावर घालवावा. वेलीलाही आराम, मालकालाही आराम.

या दिवसांत सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर बसावे. भर दुपारी मासा खोल जातो. वारा वाहत असेल तर वारा ज्या काठाकडे जातो त्या काठावर बसावे. वरचे पाणी आणि त्यातील बारीक खाद्य तिकडे ढकलले जाते आणि मासाही तिकडे येतो.

कोणता मासा, किती खोल?

कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते आणि तो तळाशी चरतो. त्याप्रमाणे गळाची खोली ठेवावी. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी या तिघांना चालते. मरळ आणि शिंगाडा यांना गांडूळ किंवा लहान मासा लागतो.

चिलापीची गोष्ट निराळी आहे. हा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यात, कडाक्याची थंडी सोडली तर वर्षभर वीत राहतो आणि इतर माशांचे खाद्य खातो. चिलापीला बंद हंगामाची गरज नाही. साचलेल्या तळ्यात ती केव्हाही धरावी आणि एकदा धरली की परत पाण्यात सोडू नये. पोरांना गळ शिकवायचा असेल तर चिलापीवरच शिकवावा.

इतर जातींचे अर्ध्या किलोपेक्षा लहान मासे हात ओला करून गळातून सोडवावेत आणि परत सोडावेत. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन अधिनियमानेच गुन्हा ठरविले आहे. त्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

कोठे जावे, कोठे जाऊ नये?

निफाडमध्ये तळे म्हटले की पहिले नाव नांदूर मधमेश्वरचे निघते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ तयार झाले. १९८६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथे पक्ष्यांइतकीच माशांचीही किंमत आहे. नाशिकजवळच्या देवळालीचे नाव मिळालेला एक लहान मासा जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे. रामसरच्या नोंदीत या स्थळाचे महत्त्व सांगताना त्याचा उल्लेख केलेला आहे. त्यामुळे पाहुण्यांना नांदूरला दुर्बीण घेऊन न्यावे, गळ घेऊन नेऊ नये. हिवाळा हा गळाला वाईट, पण पक्षी पाहायला उत्तम काळ आहे. पौषात पाहुणे आले तर त्यांची सोय अशी होते.

शासनाचे अनेक तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यात बीज त्या संस्थेने विकत घेऊन सोडलेले असते आणि भोई-कोळी बांधवांचे पोट त्यावर असते. तेथे विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतील घड तोडणे होय. आधी संस्थेला भेटावे, परवानगी घ्यावी, असेल ते शुल्क द्यावे.

स्वतःचे शेततळे

सर्वांत सोपे म्हणजे आपले स्वतःचे शेततळे. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळे म्हणजे ९ गुंठे पाणी. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये हेक्टरी ५,००० या हिशोबाने सुमारे ४५० बोटुकली सोडावीत. प्रमाण कटला ४, रोहू ३, मृगळ ३ असे ठेवावे. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात रोज ठरलेल्या वेळी द्यावा. चैत्रापर्यंत त्यांतील पुढे गेलेले मासे गळाला लागण्याजोगे होतात आणि उरलेले पाणी उतरताना ओढजाळ्याने काढता येतात. हे मासे तळ्यात वीत नसल्याने येथे विणीचा प्रश्न नाही. पण पावसाळ्यात नवे बीज रुळायचे असते आणि सलग ढगाळ हवेत प्राणवायू घटतो, म्हणून तेव्हा शेततळ्यालाही विश्रांती द्यावी.

शेततळ्यावर तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

१) बोर्डो मिश्रण किंवा मोरचूद असलेले कोणतेही औषध तळ्यात जाता कामा नये. तांबे माशाला विषासारखे आहे. फवारणी पंप तळ्याच्या काठी धुऊ नये. फवाऱ्याचा झोत तळ्यावर गेला असेल तर तेथील मासे खाण्यासाठी धरू नयेत.

२) प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात गळ तळाला टेकू देऊ नये. तो अडकला आणि ओढला तर कागद फाटतो. मृगळाचा मोह येथे सोडावा आणि गळ तळापासून निदान हातभर वर ठेवावा.

३) हे सर्वांत महत्त्वाचे. अस्तराचा उतार शेवाळाने बुळबुळीत होतो. त्यावर पाय घसरलेला पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. एकाला वाचविताना दुसरा बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा. हवा भरलेली ट्यूब काठावर बांधलेली असावी. तळ्याला कुंपण असावे. मुले एकटी जाऊ नयेत. एवढी सोय होईपर्यंत त्या तळ्यावर गळाची हौस करू नये. कोणताही मासा इतका मोठा नसतो.

एक छोटी वही

शेवटी एक विनंती. एक साधा तापमापक दोरीला बांधून हातभर खोल पाण्यात सोडावा. सकाळी ८ आणि दुपारी ३ वाजता तापमान पाहून वहीत लिहावे. त्याच वेळी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून तळवा दिसतो का ते पाहावे. तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार वाढले आहे, पहाटे प्राणवायू कमी पडेल असे समजावे. मासे वर आले का, खाद्य संपले का, हेही टिपावे. वर्षभराची अशी वही झाली, की अमावस्या-पौर्णिमेच्या ठोकताळ्यांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. तुमच्या तळ्याचा हंगाम तुमची वहीच सांगेल.

थोडक्यात सांगायचे तर चित्रा-स्वातीत जावे आणि होळीनंतर चैत्राच्या मध्यापर्यंत जावे. पौषात फक्त दुपारी बसावे. वैशाख-ज्येष्ठात हात आखडावा. मृगापासून भाद्रपद संपेपर्यंत गळ गुंडाळून आढ्याला बांधून ठेवावा.

ज्या बागायतदाराने मला तो प्रश्न विचारला होता, ते आज समोर बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की माझे आधीचे उत्तर खोडून टाकावे. पाहुण्यांना माल उतरल्यावर चैत्रात बोलवावे. द्राक्षांची पेटीही देता येईल आणि मासाही लागेल.